न दिसणारी रेघ तुटते म्हणजे काय होतं?

आजचा विषय अवकाशातला आहे आणि बोलणारे आम्ही तत्त्वज्ञानाचे. तेव्हा आधी एक खुलासा करतो. खुलासा कसला, कबुलीच आहे ती.

विज्ञानाचं तत्त्वज्ञान शिकवताना आम्ही वर्षानुवर्षं एक उदाहरण देत असू. शाळेत सगळ्यांनी केलेला प्रयोग आहे. कागदाखाली चुंबक ठेवायचा, वर लोहकीस भुरभुरायचा आणि कागदाला टिचकी मारायची. कीस वळणदार रेषांमध्ये मांडला जातो. आम्ही वर्गाला विचारायचो, या रेषा तिथे खरंच आहेत का? मुलं म्हणायची, दिसतायत की सर. मग आम्ही ठरलेलं उत्तर काढायचो. दोन रेषांच्या मध्ये मोकळी जागा दिसते, तिथे काय चुंबकत्व नाही? आहेच. कीस पुसून पुन्हा टाकला तर रेषा थोड्या वेगळ्या जागी उमटतील. नकाशावर समान उंचीच्या रेषा काढलेल्या असतात, पण सह्याद्री चढताना त्या कुणाच्या पायाला लागत नाहीत. तशीच बलरेषा. ती एक सोय आहे, वस्तू नाही. विषय संपला.

एका वर्षी भौतिकशास्त्राकडची एक विद्यार्थिनी आमच्या तासाला येऊन बसत असे. तिने विचारलं, "सर, रेषा जर काल्पनिक आहेत, तर आमच्या पुस्तकात त्या तुटतात आणि पुन्हा जोडल्या जातात असं का लिहिलंय? आणि त्या तुटल्या की प्रचंड ऊर्जा बाहेर पडते असंही लिहिलंय. काल्पनिक गोष्ट तुटून खरी ऊर्जा कशी काय बाहेर पडेल?" आम्ही म्हणालो, ते रूपक आहे. आणि पुढे गेलो.

प्रश्न तिचा बरोबर होता. आमचं उत्तर म्हणजे वेळ मारून नेणं होतं. निवृत्तीनंतर वाचायला वेळ मिळाला, तेव्हा लक्षात आलं की नेमक्या याच प्रश्नावर भौतिकशास्त्रज्ञांची आपापसात कडाक्याची भांडणं झाली आहेत, आणि तो तडीस नेण्यासाठी माणसांनी चार यानं एकत्र अवकाशात पाठवली आहेत. आज त्या यानांबद्दल बोलू. पण आधी प्रश्न नीट समजून घेऊ.

पृथ्वीला स्वतःचं चुंबकीय क्षेत्र आहे, हे आपल्याला होकायंत्रामुळे माहीत आहे. सूर्याकडून सतत एक प्रवाह येत असतो, त्याला सौरवात म्हणतात. हा वारा हवेचा नाही. यात अणू फुटून सुटे झालेले इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉन असतात, म्हणजेच प्लाझ्मा. वेग सेकंदाला साधारण ४०० किलोमीटर, तरी सूर्यापासून इथवर यायला चारेक दिवस लागतात. आणि विरळ किती? एका घन सेंटिमीटरमध्ये पाचेक कण. आपल्या श्वासातल्या हवेत तेवढ्याच जागेत इतके रेणू असतात की शून्यं मोजताना दमायला होईल. या वाऱ्याला पृथ्वीचं क्षेत्र अडवतं आणि स्वतःभोवती एक पोकळी राखतं. तिला आपण चुंबकावरण म्हणू. सूर्याच्या बाजूला तिची सीमा सुमारे ६५,००० किलोमीटरवर आहे, म्हणजे पृथ्वीच्या दहा त्रिज्या. मागच्या बाजूला मात्र ती लांबच लांब शेपटीसारखी ओढली गेली आहे, चंद्राच्याही पलीकडे.

आता गंमत अशी, की सिद्धांतानुसार ही सीमा अभेद्य असायला हवी होती. स्वीडनचे हान्नेस आल्फवेन यांनी १९४२च्या सुमारास दाखवलं की प्लाझ्मा विजेचा उत्तम वाहक असेल तर चुंबकीय क्षेत्र त्यात जणू गोठून बसतं. प्लाझ्मा जाईल तिकडे क्षेत्र जाईल. घरात श्रीखंड करताना केशराच्या रेघा चक्क्यात उमटतात ना, आणि चमचा फिरवला की रेघा चक्क्याबरोबर वळतात, तसं काहीसं. आता सौरवात आपलं क्षेत्र घेऊन येतो, पृथ्वीच्या प्लाझ्म्यात पृथ्वीचं क्षेत्र आहे. दोन वेगवेगळ्या पातेल्यांतली श्रीखंडं एकमेकांना टेकली तरी एकातली केशराची रेघ दुसऱ्यातल्या रेघेला जोडली जाणार नाही. मग सूर्याकडचे कण आणि ऊर्जा आत येणार कशी?

पण ती येते. १३ मार्च १९८९ रोजी कॅनडातल्या क्यूबेक प्रांतात चुंबकीय वादळामुळे दीडएक मिनिटात अख्खी वीजयंत्रणा कोसळली. सुमारे साठ लाख लोक नऊ तास अंधारात होते, आणि तिथल्या मार्च महिन्यातली थंडी म्हणजे काय हे सांगायला नको. दार बंद असेल तर चोर आत शिरला कसा, असा हा प्रश्न आहे.

याचं उत्तर दिलं जेम्स डंगी यांनी, १९६१ मध्ये, अगदी छोट्या लेखात. त्याची पार्श्वभूमी थोडी आधीची. ऑस्ट्रेलियाचे जोव्हानेली सूर्यावरच्या ज्वालांचा अभ्यास करताना सुचवत होते की चुंबकीय क्षेत्र जिथे शून्य होतं अशा बिंदूंपाशी काहीतरी घडत असावं. केंब्रिजमध्ये फ्रेड हॉइल यांनी तो धागा आपल्या विद्यार्थ्याकडे, म्हणजे डंगींकडे सोपवला. डंगी म्हणाले, पृथ्वीचं क्षेत्र सीमेपाशी उत्तरेकडे रोखलेलं असतं. सौरवातातलं क्षेत्र कधी उत्तरेकडे असतं, कधी दक्षिणेकडे. ते दक्षिणेकडे असेल, तर सीमेवर दोन विरुद्ध दिशांच्या बलरेषा एकमेकींना भिडतील. तिथे त्या तुटतील आणि आलटून पालटून जोडल्या जातील. आतापर्यंत दोन्ही टोकं पृथ्वीत असलेली रेषा आता एका टोकाने पृथ्वीत आणि दुसऱ्या टोकाने सौरवातात. दार उघडलं! सौरवात ही उघडी रेषा ध्रुवांवरून मागे ओढत नेतो, शेपटीत अशा रेषा साचतात, ताणल्या जातात, आणि तिथे पुन्हा तुटून जोडल्या जातात. त्या वेळी साचलेली ऊर्जा कणांना मिळते. ते कण ध्रुवांकडच्या वातावरणावर आदळले की ध्रुवीय प्रकाश दिसतो.

चांगल्या सिद्धांताचं एक लक्षण आम्ही वर्गात सांगायचो, की तो स्वतःची मान सुरीखाली ठेवतो. डंगींनी ती ठेवली होती. सौरवाताचं क्षेत्र दक्षिणेकडे वळलं की पृथ्वीवर चुंबकीय उलथापालथ वाढली पाहिजे, उत्तरेकडे वळलं की कमी झाली पाहिजे. १९६६ मध्ये फेअरफील्ड आणि केहिल यांनी यानांवरच्या नोंदी जमिनीवरच्या नोंदींशी ताडून पाहिल्या. तसंच निघालं. आणि १९७९ मध्ये आयसी नावाच्या जोडयानांच्या नोंदींत सीमेवरून वेगाने फेकले जाणारे प्लाझ्म्याचे झोत सापडले, जोडणी झाल्यावर निघायला हवेत तसेच.

मग भांडण कशाचं? भांडण आल्फवेन यांनीच उभं केलं, ज्यांच्या सिद्धांतावर हे सगळं बेतलेलं होतं. त्यांना १९७० मध्ये नोबेल मिळालं, आणि त्याच काळात ते तक्रार करू लागले की ही गोठलेल्या रेषांची आणि जोडणीची भाषा दिशाभूल करणारी आहे. रेषा हलत नाहीत, कारण रेषा ही वस्तूच नाही. विद्युतप्रवाह बघा, विद्युतक्षेत्र बघा, कणांच्या हालचाली बघा. आपलंच पोर बिघडलं म्हणून बापाने चारचौघांत कान धरावा, तसा हा प्रकार. आम्ही वर्गात जे शिकवत होतो तेच हे, फक्त इथे बोलणारा माणूस नोबेलवाला.

आमच्या मते आल्फवेन निम्मे बरोबर होते. कसे ते बघू, कारण आजच्या विषयाचा गाभा इथे आहे.

'ही रेषा तुटली' असं म्हणायचं, तर आधीची 'ही' आणि नंतरची 'ही' एकच आहे हे सांगता यायला हवं. दोरी तुटली हे आपण म्हणू शकतो, कारण दोरीचे धागे तेच राहतात. चुंबकीय रेषेला धागे नसतात. या क्षणी अवकाशातल्या एका बिंदूतून एक रेषा काढता येते, पुढच्या क्षणी त्याच बिंदूतून दुसरी काढता येते. ती तीच आहे की वेगळी, हे क्षेत्र सांगत नाही. तीच नदी, तेच जहाज, हे आमच्या क्षेत्रातले फार जुने प्रश्न. इथे ते अवकाशभौतिकीत येऊन बसले आहेत.

पण आल्फवेन यांच्या मूळ प्रमेयात याचं उत्तर आहे. ते प्रमेय असं वाचता येतं, की आदर्श प्लाझ्म्याचे दोन ठिपके एका क्षणी एकाच बलरेषेवर असतील, तर ते नंतरही एकाच बलरेषेवर राहतात. म्हणजे रेषेला स्वतःची ओळख नसली तरी प्लाझ्मा तिला ओळख उसनी देतो. मग 'रेषा तुटली' याचा अर्थ काय होतो? जे दोन ठिपके आजवर एका रेषेवर होते ते आता नाहीत, आणि ज्यांचा काही संबंध नव्हता असे दोन आता एका रेषेवर आले आहेत. हे विधान काल्पनिक नाही. कण बलरेषेच्या बाजूने सहज धावतात आणि तिला आडवे जाताना भोवती गिरक्या घेत अडकतात. कुठून कुठे जायला वाट मोकळी आहे, ते बलरेषा कुणाला कुणाशी जोडते यावर ठरतं. रेल्वेच्या सांध्यावर रूळ फिरवला की लोखंड तेच राहतं, गाडी मात्र दुसऱ्या गावाला जाते.

आणि ऊर्जेचं काय? त्या विद्यार्थिनीला द्यायचं राहिलेलं उत्तर असं. ऊर्जा रेषेत भरलेली नसते. ती क्षेत्रात, सगळ्या जागेत पसरलेली असते. जोडणी बदलली की क्षेत्राला कमी ऊर्जेचा आकार घेण्याची मुभा मिळते, आणि फरकाची ऊर्जा कणांकडे जाते. धरणाचं दार लहान असतं, पाणी सगळ्या जलाशयाचं असतं. जोडणीची जागा म्हणजे ते दार. ऊर्जेचा मोठा वाटा दारात नाही, तर नव्याने जोडल्या गेलेल्या, बेचकीसारख्या ताणलेल्या रेषा सरळ होताना बाहेर पडतो. पुस्तकात 'तुटल्यावर ऊर्जा बाहेर पडते' असं छापलेलं असतं, ते फार आखूड करून सांगितलेलं असतं.

आता राहिला प्रश्न दाराच्या कडीचा. गोठलेपणाचा नियम नेमका कुठे आणि कशामुळे मोडतो? साध्या तारेत हे काम विद्युतरोध करतो, म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या टकरा. स्वीट आणि पार्कर यांनी १९५०च्या दशकात टकरा धरून गणित केलं, तर सूर्यावरची ज्वाला उसळायला महिने लागतील असं उत्तर आलं. प्रत्यक्षात ती काही मिनिटांत उसळते. आणि पृथ्वीभोवती तर टकरा जवळजवळ नाहीतच. इथला एक कण दुसऱ्याला धडकेपर्यंत पृथ्वी ते सूर्य एवढं अंतर तोडू शकतो. मग घर्षणाचं काम कोण करतं?

संगणकावरची गणितं सांगत होती की हे काम इलेक्ट्रॉनांच्या पातळीवर होतं. प्रोटॉन जड, म्हणून सीमेजवळ साधारण शे-सव्वाशे किलोमीटरच्या पट्ट्यात ते आधी क्षेत्रापासून सुटतात. इलेक्ट्रॉन १८३६ पटींनी हलके, ते चिकटून राहतात, आणि अगदी आत, काही थोड्या किलोमीटरच्या गाभ्यात तेही सुटतात. तो गाभा म्हणजे कडी. पण तिथे जाऊन बघायचं कसं? ही सीमा स्थिर नसते, सौरवाताच्या झोताबरोबर सेकंदाला दहा-वीस, कधी त्याहून अधिक किलोमीटरने मागेपुढे होत असते. तेव्हा तो गाभा यानावरून सेकंदाच्या काही भागात निघून जातो.

एका यानाची दुसरीही अडचण आहे. मुंबईच्या लोकलमध्ये बसलेले असताना शेजारच्या रुळावरची गाडी हलली की क्षणभर कळत नाही, आपली हलली की तिची. एकटं यान म्हणतं, क्षेत्र बदललं. पण क्षेत्र जागच्या जागी बदललं, की न बदलणारी गोष्ट यानावरून सरकली? एका ठिकाणाहून हे कळत नाही. तिन्ही दिशांनी फरक मोजायचा तर किमान चार ठिकाणं लागतात. म्हणून यानं चार.

युरोपने ही कल्पना आधी राबवली. क्लस्टर नावाची चार यानं ४ जून १९९६ रोजी एरियान-५ या अग्निबाणाच्या पहिल्याच उड्डाणात निघाली आणि सुमारे चाळीस सेकंदांत नष्ट झाली. कारण ऐकून आमच्यासारख्या तर्कशास्त्र शिकवलेल्या माणसाला हळहळ वाटते. जुन्या एरियान-४ मधला संगणक-कार्यक्रम तसाच उचलला होता. नव्या बाणाचा वेग वेगळा. एक मोठी संख्या लहान खणात कोंबायला गेले, ती मावली नाही, आणि दिशा सांगणारा संगणक बंद पडला. आधाराची गृहीतकं बदलली आणि निष्कर्ष तेवढा जुनाच ठेवला. लोकांनी हात टेकले नाहीत. चार यानं पुन्हा बांधली आणि २००० साली दोन-दोन करून रशियन सोयुझवरून पाठवली. नावं नाचांची, रुम्बा, सालसा, साम्बा, टँगो. त्यांनी वीसहून अधिक वर्षं काम केलं. पण त्यांची कणमापकं यानाच्या एका गिरकीत, म्हणजे चार सेकंदांत, एक पूर्ण चित्र देत. प्रोटॉनांसाठी ठीक. इलेक्ट्रॉनांच्या गाभ्यासाठी चार सेकंद म्हणजे वरात निघून गेल्यावर कॅमेरा उघडणं.

मग नासाची एमएमएस. मार्च २०१५ मध्ये फ्लोरिडातून गेलेली चार यानं. अष्टकोनी, साडेतीन मीटर रुंद, आणि विद्युतक्षेत्र मोजायला प्रत्येकातून साठ-साठ मीटरच्या तारा बाहेर काढलेल्या. तीन संत्री खाली आणि चौथं वर, अशी त्यांची रचना असते, आणि ही संत्री एकमेकांपासून कधी दहा किलोमीटर, तर कधी त्याहूनही जवळ आणली जातात. इथे गिरकीची वाट बघायची नाही. प्रत्येक यानाच्या चारी बाजूंना इलेक्ट्रॉन मापकं लावलेली, त्यामुळे इलेक्ट्रॉनांचं पूर्ण चित्र दर ३० मिलिसेकंदांनी मिळतं. क्लस्टरपेक्षा शंभरपटीहून अधिक वेगाने.

इथे एक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. एवढ्या वेगाने मोजल्यावर जी माहिती जमते ती सगळी पृथ्वीवर पाठवता येत नाही. अगदी थोडा भाग येऊ शकतो. मग कोणता भाग? यानं आधी एक ढोबळ नोंद पाठवतात, आणि रोज पाळीवर असलेला एक शास्त्रज्ञ ती पाहून ठरवतो की या-या मिनिटांची बारीक नोंद ठेवा, बाकीची पुसली तरी चालेल. पुढे यंत्रशिक्षणाची मदत घ्यायला सुरुवात झाली, पण कल्पना तीच. म्हणजे काय बघण्यासारखं आहे हे बघायच्या आधी ठरवायचं. निरीक्षण सिद्धांताने भारलेलं असतं असं आम्ही फळ्यावर लिहायचो. इथे ते पाळीपत्रकावर लिहिलेलं आहे.

१६ ऑक्टोबर २०१५ या दिवशी चारही यानं सूर्याकडच्या सीमेवर अशा गाभ्यातून गेली. साउथवेस्ट रिसर्च इन्स्टिट्यूटचे जेम्स बर्च आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये सायन्स या नियतकालिकात ते प्रसिद्ध केलं. काय दिसलं? इलेक्ट्रॉनांचे वेग कोणकोणत्या दिशांना किती आहेत याचा आलेख काढला, तर त्यात चंद्रकोरीचा आकार आला. कोर आकाशात नाही बरं का, आलेखात. मायकेल हेस आणि सहकाऱ्यांनी संगणकावर काम करून २०१४ मध्ये असा आकार दिसेल असं आधीच सांगितलं होतं. बाहेरून आलेले इलेक्ट्रॉन विद्युतक्षेत्राने आत ओढले जातात, पृथ्वीचं क्षेत्र त्यांना वळवतं, पण पुरी गिरकी घेता येत नाही, त्यामुळे एका बाजूला झुकलेली कोर. हीच अर्धवट, वाकडीतिकडी चाल टकरांचं काम करते. टकरा नसताना घर्षणाची भूमिका इलेक्ट्रॉनांच्या असमान दाबाने वठवलेली असते.

पण आम्ही खुर्चीत सरसावून बसलो ते पुढच्या वाक्याला. यानं काही क्षणांत पुढे सरकली, तेव्हा कोर फिरली. आधी ती क्षेत्राला आडवी होती, आता क्षेत्राच्या दिशेने झाली. म्हणजे गाभ्यात अडकलेल्या इलेक्ट्रॉनांना आता रेषेच्या बाजूने वाट मोकळी झाली होती आणि ते निसटत होते. सांधा फिरल्याची खूण! रेषा कुणी पाहिली नाही. पण कोण कोणाशी जोडलेलं आहे हे बदललं, आणि ते इलेक्ट्रॉनांच्या चालीतून दिसलं.

शेपटीकडचा भाग थोडक्यात सांगतो. तिथे ११ जुलै २०१७ रोजी यानं पृथ्वीपासून सुमारे बावीस त्रिज्यांवर गाभ्यात सापडली. रॉय टॉर्बर्ट यांच्या गटाने नोंदवलं की इलेक्ट्रॉनांचे झोत सेकंदाला १५,००० किलोमीटरहून अधिक वेगाने धावत होते. तिथे दोन्ही बाजू सारख्या असतात, त्यामुळे गणित जास्त स्वच्छ उतरतं. जोडणीचा वेगही मोजता आला, आणि तो शक्य त्या कमाल वेगाच्या दहाव्या हिश्शाच्या आसपासच निघाला. निरनिराळ्या ठिकाणी हा दहावा हिस्साच का येतो, यावर बरीच वर्षं डोकेफोड चालली होती. आता त्याची चांगली स्पष्टीकरणं पुढे आली आहेत, पण ती सांगायची तर फळा लागेल.

आता आमच्या बाजूचा प्रश्न. याला प्रत्यक्ष म्हणायचं की अनुमान? नैयायिक म्हणतील, धूर पाहून अग्नी ओळखला, अनुमान. पण डोळ्याने पाहतो तेव्हाही प्रकाशाचा कण पडद्यावर आदळतो आणि पुढचं मेंदू करतो. इयान हॅकिंग यांनी १९८३ साली एक व्यावहारिक कसोटी सुचवली. ज्या गोष्टीचा हत्यारासारखा वापर करून दुसरं काही घडवता येतं, ती खरी माना. त्यांचं उदाहरण इलेक्ट्रॉन फवारण्याचंच होतं. आणि बघा, क्लस्टरवर एक उपकरण होतं आणि एमएमएसवरही आहे, ते इलेक्ट्रॉनांचा बारीक झोत अवकाशात सोडतं, चुंबकीय क्षेत्र तो वळवून परत यानाकडे आणतं, आणि तो कुठून येतो त्यावरून विद्युतक्षेत्र काढलं जातं. इलेक्ट्रॉन खरे, क्षेत्र खरं. रेषा मात्र या कसोटीवर उतरत नाही, रेषा कुणी फवारलेली नाही. म्हणून आल्फवेन निम्मे बरोबर. पण रेषेने दाखवलेला संबंध खरा आहे, त्याचे परिणाम मोजता येतात. आम्ही वर्गात वस्तू आणि कल्पना असे दोनच डबे ठेवले होते. संबंधाला जागाच ठेवली नव्हती. चूक तिथे होती.

या विषयात आपल्या मुंबईचा भाग आहे, तो सांगितल्याशिवाय राहवत नाही. २ सप्टेंबर १८५९ रोजी, ज्याला कॅरिंग्टन वादळ म्हणतात ते पृथ्वीवर आलं, तेव्हा कुलाब्याच्या वेधशाळेत माणसं डोळ्यांनी काटा वाचून नोंदी करत होती. पृथ्वीच्या क्षेत्राचा आडवा घटक तिथे सुमारे १६०० नॅनोटेस्लाने घसरला. २००३ मध्ये भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे गुरबक्ष लाखिना आणि शोभना अ‍ॅलेक्स यांनी ब्रूस त्सुरुतानी आणि वॉल्टर गोन्झालेझ यांच्याबरोबर त्या जुन्या वह्यांवरून त्या वादळाचा अभ्यास केला. ती घसरण वादळाची जागतिक तीव्रता म्हणून किती धरायची यावर वाद आहे, पण नोंद पक्की आहे. पुढे मुंबईत विजेवरच्या ट्राम येणार म्हणून, त्यांच्या प्रवाहाने काटे बिघडू नयेत यासाठी, नानाभॉय मूस यांनी १९०४ मध्ये चुंबकीय वेधशाळा अलिबागला नेली. ती तिथे अजून चालू आहे. कुलाब्यात काटा वाचणाऱ्याला चुंबकावरण हा शब्दही माहीत असणं शक्य नव्हतं. तो काटा का घसरतोय याचं उत्तर मिळायला शंभरहून अधिक वर्षं जायची होती. त्याने फक्त आकडा नीट लिहिला.

बरं, प्रश्न असतील तर घेऊ.

(श्रोत्यांपैकी एकीचा प्रश्न: हे वादळ आधी सांगता येतं का?)

थोडंफार. सौरवाताचं क्षेत्र दक्षिणेकडे आहे का, हे पृथ्वीपासून पंधरा लाख किलोमीटरवरच्या एल-१ बिंदूपाशी असलेली यानं सांगतात. आपलं आदित्य तिथेच आहे, त्याच्यावर चुंबकमापक आहे. ते निघालंही २ सप्टेंबरलाच, २०२३ मध्ये. योगायोग, दुसरं काही नाही. तिथून कळल्यावर आपल्या हातात तास-अर्धा तास असतो. मे २०२४ मध्ये मोठं वादळ आलं, लडाखमधल्या हानलेहून आकाशात लाल झाक दिसली, तेव्हाही क्षेत्र बराच वेळ दक्षिणेकडे होतं. सूर्यावरून मेघ निघाला हे आधी दोन-तीन दिवस कळतं. पण त्याच्या पोटातलं क्षेत्र कुठल्या दिशेला आहे, हे तो जवळ आल्याशिवाय खात्रीने सांगता येत नाही. अडचण सगळी तिथे आहे.

(दुसरा प्रश्न: जोडणी सतत चालू असते की झटक्याझटक्याने होते?)

प्रश्न चांगला आहे, कारण एमएमएसलाही हे पुरतं सांगता येत नाही. ती यानं गाभ्यातून क्षणात निघून जातात, आणि पुन्हा त्याच जागी येईपर्यंत परिस्थिती पार बदललेली असते. त्यासाठी जुलै २०२५ मध्ये ट्रेसर्स नावाची दोन यानं पाठवली. ती लांब जाणारच नाहीत. पृथ्वीजवळूनच, ध्रुवांकडे जिथे उघड्या रेषांच्या वाटेने कण खाली उतरतात, तिथून एकामागून एक जायची. पुढच्याने काय पाहिलं आणि काही सेकंदांनी ते मागच्याला दिसलं का, एवढंच विचारायचं. दोघांनाही तेच दिसलं तर जोडणी सतत चालू आहे. दुसऱ्याला वेगळं दिसलं तर मात्र ती झटक्याझटक्याने होते, किंवा जागा बदलते.